तेलाचा हात लागण्याआधी

मान आणि उजवा खांदा धरला म्हणून मी पहिल्यांदा पुण्यातल्या एका पंचकर्म केंद्राची पायरी चढले, त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "पहिल्यांदाच मालिशला जायचंय, काय बघू?" त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

१. आधी दुखणं ओळखा. नुसता शीण घालवायचा असेल तर अभ्यंग, म्हणजे सर्वांगाला कोमट तेलाची मालिश, पुरेसा आहे. कंबर धरली असेल तर वैद्य कटिबस्ती सुचवतील. त्यात उडदाच्या पिठाची पाळ कमरेवर बसवून आत कोमट तेल धरून ठेवतात. पण कळ हाताच्या बोटांपर्यंत किंवा पोटरीखाली उतरत असेल, पकड सैल झाली असेल, पाय बधिर वाटत असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. "चकती सरकली आहे, चोळून जागेवर बसवतो," असं म्हणणाऱ्याकडे मुळीच जाऊ नका. चोळून चकती जागेवर बसत नाही.

२. फोनवरच चार प्रश्न विचारा. मालिश कोण करणार? आधी वैद्य तपासणार का? तेल कोणतं? पैशांत मालिशनंतरची वाफ धरली आहे का? बाईला बाई आणि पुरुषाला पुरुष, ही चांगल्या केंद्रांची रीतच असते. तरीही विचारून घ्या. वैद्यांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात उद्धटपणा नाही.

३. आजार लपवू नका. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. आपल्याकडे "साधी मालिश तर आहे, त्यात काय सांगायचं" म्हणून माणसं गप्प बसतात. लांबचा प्रवास, प्लास्टर, ऑपरेशन किंवा बाळंतपणानंतर एकच पोटरी सुजली असेल, गरम लागत असेल, दाबल्यावर दुखत असेल, तर आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती पोटरी चोळली तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि त्यात जीव जाऊ शकतो. अशा वेळी तेल नाही, डॉक्टर गाठायचा, तोही त्याच दिवशी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जोराच्या दाबाने अंगावर काळेनिळे डाग उठतात. मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील तर गरम तेलाचा, वाफेचा चटका कळत नाही. फोड आल्यावरच लक्षात येतं. हाडं ठिसूळ असतील, दिवस गेले असतील, रक्तदाब किंवा हृदयविकार असेल, तेही आधी सांगा. अंगात ताप असेल किंवा अजीर्ण झालं असेल तर त्या दिवशी जाऊच नका. आयुर्वेदही हेच सांगतो.

४. संकोच वाटणारच, विशेषतः आपल्या बायकांना. दिवाळीत पहाटे आईने पाटावर बसवून तेल लावणं वेगळं आणि परक्या हाताखाली झोपणं वेगळं. अंगावर चादर मागा. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच भाग उघडा असावा. आतले कपडे काढायचे की नाही हे तुम्ही ठरवायचं. हात नको तिथे गेला, किंवा नुसतं मनाला पटलं नाही, तरी "थांबा" म्हणा आणि उठा. पैसे भरलेत म्हणून पडून राहायचं नाही.

५. जेवणानंतर निदान दोन तास जाऊ द्या. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या घरी ठेवा. कपडे जुने घाला, तेलाचे डाग सहज निघत नाहीत.

६. दाबाबद्दल तोंड उघडा. माझ्या खांद्याच्या पात्याच्या आतल्या कडेला एक गाठ आहे. मालिश करणाऱ्या ताईंचा अंगठा तिथे टेकला की गोड कळ येते आणि हळूहळू विरघळते. हे दुखणं चालतं. पण श्वास रोखला जाऊ लागला, मुठी आवळल्या गेल्या, की दाब जास्त झाला असं समजा आणि लगेच सांगा, "ताई, जरा हलक्या हाताने." सोसण्यात काही कमाई नाही, उलट स्नायू अधिक आखडतात. आणि कुणालाही मान झटक्याने कडकन मोडू देऊ नका, सलूनमध्ये तर नाहीच. मानेतून मेंदूकडे जाणारी धमनी अशा झटक्याने फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत.

७. संपल्यावर ताडकन उठू नका, चक्कर येते. आधी कुशीवर वळा, मग पाय खाली सोडून थोडं बसा. तेलकट तळपायाने फरशीवर घसरायला होतं, म्हणून पाय पुसूनच चप्पल घाला. वयस्कर माणसांच्या बाबतीत तर मी हे दोनदा सांगते. गरम पाण्याने आंघोळ करताना डाळीचं पीठ लावलं की तेल निघतं. दुसऱ्या दिवशी अंग थोडं ठणकतं, एक-दोन दिवसांत ते थांबतं. वाढत गेलं तर डॉक्टरांना दाखवा.

८. पहिल्याच दिवशी पॅकेजचे पैसे भरू नका, कितीही सवलत देऊ केली तरी. एक सिटिंग घ्या, दोन दिवस अंग कसं राहतं ते बघा आणि मगच पुढचं ठरवा.