भोंडल्याची गाणी आणि खिरापतीचा डबा

मराठीत खाण्यापिण्याची गाणी पुष्कळ आहेत. पण खाऊ वाटल्याशिवाय जिथे गाणी संपलीच असं कोणी म्हणत नाही, असा प्रकार म्हणजे भोंडला. या वेळच्या अभ्यासासाठी आपण त्यातली तीन गाणी घेऊ.

आधी थोडी ओळख. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य हस्त नक्षत्रात जातो. हस्त म्हणून हत्ती! पाटावर हत्तीचं चित्र मांडायचं आणि मुलींनी त्याभोवती फेर धरायचा. कुठे हे 16 दिवस चालतं, कुठे नवरात्राचे 9 दिवस. कोल्हापूर-बेळगावकडे याला हादगा म्हणतात. विदर्भातली भुलाबाई आणि खानदेशातली गुलाबाई या त्याच्या बहिणीच. बडोदा-इंदूरकडच्या मराठी कुटुंबांनीही ही गाणी आपल्याबरोबर नेली. जुनी रीत अशी, की पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं रोज एकेक वाढवत जायचं.

गाणी संपली की खिरापत. खिरापत म्हणजे मुळात खोबरं-साखरेचा प्रसाद. भोंडल्यात मात्र डब्यात काहीही असू शकतं. वाटली डाळ, साटोरी, शंकरपाळे, भडंग. आणि ते ओळखल्याशिवाय डबा उघडत नाही. गोड की तिखट? तळलेलं की भाजलेलं? डबा कानाशी हलवून आवाजही ऐकतात. कोणालाच ओळखता येऊ नये असा पदार्थ करण्यात घरच्या बाईचं कसब.

आता गाण्यांकडे वळू.

पहिलं, ‘अक्कण माती चिक्कण माती’. यात एकातून दुसरी वस्तू निघत जाते. मातीत जातं रोवायचं, जात्यावर सपीठ दळायचं, सपिठाच्या करंज्या करायच्या, त्या तबकात ठेवून शेल्याने झाकायच्या आणि पालखीतून माहेरी धाडायच्या. ऐकताना ही करंजीची कृतीच वाटते. पण शेवटी माहेर आणि सासर यांची तुलना येते, तेव्हा कळतं की एवढा खटाटोप कशासाठी होता. तिला स्वतःला जाता येत नाही, म्हणून करंज्या जातात.

दुसरं, ‘कारल्याचा वेल’. सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू म्हणते, आधी कारल्याचा वेल लाव. वेल लावला, तर कारली येऊ दे. कारली आली, तर भाजी कर. भाजी केली, तर खाऊन उष्टी-खरकटी काढ. सासू सरळ ‘नाही’ कधीच म्हणत नाही. नकाराऐवजी पुढचं काम सांगते. बी पेरण्यापासून भाजी शिजेपर्यंत किती दिवस जातात याचा हिशेब करा, म्हणजे या गाण्यातला काळ समजेल. आणि भाजी नेमकी कारल्याची, हेही ध्यानात घ्या.

तिसरं, ‘श्रीकांता कमलकांता’. हे सगळ्यांत हशा पिकवणारं. वेड्याची बायको लाडू करते, तर तो चेंडू समजून खेळायला नेतो. करंज्या करते, तर होड्या समजून पाण्यात सोडतो. मुली हसून हसून पुरेवाट होते. मग शेवटचं कडवं येतं. बायको पलंगावर झोपलेली असते, आणि ती मेली असं समजून तो तिला जाळून टाकतो. चाल तीच, ठेका तोच. ज्याला तिच्या हातचा लाडू ओळखता आला नाही, त्याला तीही ओळखता आली नाही. गमतीच्या गाण्यात हे असं सहज बसलेलं आहे.

तिन्ही गाणी एकत्र ठेवली की एक गोष्ट दिसते. यातली बाई सतत रांधते. पण तिने चवीने, मजेत खाल्लं असं कुठेच येत नाही. तिचं कौतुकही कोणी करत नाही. लहान वयात लग्नं होत त्या काळात सासरबद्दल उघड बोलायची सोय नव्हती. करंजी, कारलं, लाडू यांच्या आडून मात्र बोलता येत होतं, तेही अंगणात आणि मोठ्याने.

म्हणूनच शेवटच्या डब्याला अर्थ आहे. गाण्यातल्या सुनेला जे मिळत नाही, ते फेर धरणाऱ्या मुलींना मिळतं. कोणी केलेलं, सगळ्यांना सारखं वाटलेलं, कोणाची परवानगी न मागता हसत खाल्लेलं!

आज काही जण विचारतात, असली सासुरवासाची गाणी म्हणावीत तरी कशाला? निदान ते जाळण्याचं कडवं गाळावं का? माझं मत विचाराल तर गाळू नये. गाळलं तर उरेल ती नुसती गंमत, आणि ज्या बायकांनी ही गाणी रचली त्यांचं म्हणणंच पुसलं जाईल. गाणं पूर्ण म्हणावं आणि मग त्यावर बोलावं.

स्वाध्याय : घरातल्या किंवा शेजारच्या आजींना तीन प्रश्न विचारा. तुमच्याकडे वेड्याची बायको कोणकोणते पदार्थ करायची? कारल्याच्या गाण्यात सून शेवटी माहेरी पोचते का? आणि कोणालाच न ओळखता आलेली खिरापत कोणती? गावागणिक उत्तरं बदलतील. ती वहीत, त्यांच्याच बोलीत, जशीच्या तशी उतरवून आणा.