राखणदाराची गोफण व पोराची बेचकी

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यात, पूर्णेहून नांदेडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, चुडावा हे गाव आहे. ह्या मुलखातील काळी जमीन ओल धरून ठेवणारी असल्यामुळे पावसाळ्यानंतर तीत रब्बीची ज्वारी व हरभरा पेरितात. कणसात चीक भरून हुरडा होऊ लागला की चिमण्या, राघू व होले शेतावर उतरतात, आणि राखणदारास माळ्यावर उभे राहावे लागते. अशा दिवसांत थोरांच्या हाती गोफण असते व पोरांच्या खिशात बेचकी. दोहोंतून दगडच सुटतो. परंतु दोहोंचे काम एक नव्हे. हा भेद नीट समजून घ्यावा, एवढाच ह्या पाठाचा हेतू आहे.

१. गोफण. ही वळलेल्या दोरीची असून तिच्या मध्यभागी दगड ठेवण्यापुरती रुंद विणलेली झोळी असते. एका टोकाचा फास बोटात अडकवून दुसरे टोक चिमटीत धरितात, आणि डोक्याभोवती फिरवून ऐन वेळी ते सोडून देतात. दोरीमुळे जणू हाताचीच लांबी वाढते. म्हणून गोफणगुंडा हाताने फेकलेल्या दगडाहून पुष्कळ दूर जातो. दाविदाने ओढ्यातील पाच गुळगुळीत गोटे निवडले, हे वाचकांस ठाऊक आहेच. भूमध्य समुद्रातील बॅलिअरिक बेटांचे गोफणदार रोमी सैन्यात नावाजलेले होते. तथापि आपल्या शिवारात गोफण मारण्यासाठी नसून उठविण्यासाठी आहे. तिच्या आवाजाने व दगडाच्या धाकाने थवा उडाला म्हणजे राखणदाराचे काम झाले.

२. बेचकी. हिला कोणी गलोलही म्हणतात. पूर्वी दोन दोऱ्यांच्या धनुष्याने मातीच्या गोळ्या मारीत, त्यासही गलोल हेच नाव होते. रबराची बेचकी त्या मानाने अलीकडची. कारण गंधक व उष्णता यांच्या योगाने रबर टिकाऊ करण्याची रीत चार्ल्स गुडइयर यास 1839 साली सापडली. बाभळीचे किंवा पेरूचे दुबेळके, सायकलच्या ट्यूबच्या दोन पट्ट्या व चामड्याचा एक तुकडा, एवढ्यात ती तयार होते. रबर ताणताना हाताचे बळ त्यात साठते व सोडताच ते एकदम दगडास मिळते. दगडाचा वेग दुप्पट झाला तर त्याची मारक शक्ती चौपट होते, हे ध्यानात ठेवावे. शिवाय डोळ्यासमोर धरून नेम घेता येतो. म्हणूनच गोफण थव्यावर फिरते, आणि बेचकी एकेका जिवास हेरते.

३. एका दगडाचे मोल. दुपारच्या वेळी बांधावरच्या बोरीखाली दबा धरून पोरे होला किंवा साळुंकी टिपतात. कधी झुडपाआडचा ससाही मारितात. गरिबाच्या घरी त्या दोन घासांचेही मोल असते, हे कोण नाकारील? परंतु हिशेब पुरता करावा. होल्याची मादी बहुधा दोनच अंडी घालते. नर व मादी दोघेही ती उबवितात, आणि पिलांस आरंभी आपल्या गळ्याच्या पिशवीत तयार होणारा दुधासारखा रस भरवितात. दोहोंपैकी एक मेला तर पुष्कळदा पिलेही वाचत नाहीत. घरट्यावरील आईस पिलांसह धरू नये, असा निर्बंध मोशेच्या नियमशास्त्रातही आहे. त्याचे मर्म येथे कळून येते.

४. शेताचा हिशेब. हरभऱ्यावर घाटेअळी पडते तेव्हा पाखरांनी बसून ती टिपावी म्हणून शेतात पक्षीथांबे उभारावे, असे कृषितज्ज्ञ सांगतात. साळुंकी व कोतवाल ह्या अळ्या खातात. दाणे खाणारी चिमणीही आपल्या पिलांस मुख्यतः किडेच भरविते. आता बापाने हरभऱ्यात थांबे रोवावे आणि मुलाने शेजारच्या ज्वारीत तीच साळुंकी मारावी, ह्याला काय म्हणावे? 1958 साली चीनमध्ये सरकारी हुकुमाने चिमण्यांचा संहार झाला. पुढे किडींचा उपद्रव वाढला, व 1960 साली चिमणीचे नाव त्या मोहिमेतून काढावे लागले. त्या वर्षांत तेथे घोर दुष्काळ पडला. त्याची कारणे अनेक होती. परंतु हा संहार त्यांपैकी एक मानला जातो.

५. कायदा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससा, तित्तर, पोपट इत्यादिकांची शिकार मना आहे. मारणे तेवढीच शिकार नव्हे. पकडणे, सापळा लावणे, अंडी काढणे किंवा घरटे मोडणे हेही तीतच येते. 2022 च्या दुरुस्तीप्रमाणे सर्वसाधारण गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

६. मग पीक कसे राखावे? एका शिवारातील शेतकऱ्यांनी शक्य तो एकाच सुमारास पेरणी करावी. एकटेच शेत आधी पिकले तर सारे थवे त्याच्यावरच तुटून पडतात. चमकणाऱ्या फिती बांधाव्या, पण त्यांची जागा वरचेवर बदलावी. नाहीतर पाखरे त्यांस सरावतात. गोफणीत दगडाऐवजी मातीचे ढेकूळ घालावे, व पलीकडे माणूस किंवा गुरे नाहीत हे आधी पाहावे.

मुलाच्या हातची बेचकी हिसकावून चुलीत घालू नये. त्याने तो लपून मारावयास शिकेल, इतकेच. त्यास बांधावर रिकामा डबा मांडून द्यावा व नेम धरू द्यावा. मात्र समोर कोणी उभे राहू नये. कारण बेचकीच्या खड्याने गेलेला डोळा परत येत नाही. नेम धरावयास येणे हा गुण आहे. कशावर धरू नये हे कळणे हा त्याहून मोठा गुण आहे. राखणदाराचे यश त्याने किती पाखरे पाडली ह्यावर मोजीत नाहीत. खळ्यावर किती दाणा आला ह्यावर मोजितात.

विचारासाठी प्रश्न
१. गोफण व बेचकी यांच्या कामात भेद कोणता?
२. एक होला मारल्याने किती जीव जाऊ शकतात? कसे?
३. आपल्या शिवारात ह्या हंगामी पेरणी एकाच सुमारास होण्यास अडचण कोणती, आणि ती कोणी दूर करावी?