चाकं गाडीला चढवण्याआधी

गणपतीच्या दोन दिवस आधी मॅगव्हील नवी करून आणली. चारही चाकं घासून, चंदेरी स्प्रे मारून, वर पारदर्शक क्लिअर कोट दिलेली. संध्याकाळी टायर चढले, पहाटे गुहागरची वाट धरली. कुंभार्ली घाट उतरेपर्यंत चाकांवर ब्रेकची काळी धूळ बसली होती. पुढचे आठ दिवस गाडी समुद्रालगतच्या अंगणात उभी. परत येताना एका वॉशिंग सेंटरवर पोराने तापलेल्या चाकांवर ॲसिड मारलं. चकाचक दिसली म्हणून मीही खूश होते.

दसऱ्याला गाडी पुसताना क्लिअरवर दुधी डाग आणि विटकरी ठिपके दिसले. कापडाने पुसून जाईनात. दिवाळीपर्यंत स्पोकच्या कडेला फोड आला. नखाने हलकंच उचलला, तर क्लिअरचा पापुद्राच हातात आला. आतल्या कडेला, बॅलन्सिंगचं वजन हातोडीने ठोकलं होतं तिथे, रंगाखाली पांढरी भुकटी साचली होती. ॲल्युमिनियमचा गंज पांढराच असतो, त्यामुळे तो लवकर ओळखू येत नाही.

यातलं काय कशामुळे झालं, ते नंतर उमगलं. ब्रेक लागतो तेव्हा डिस्क आणि पॅड झिजतात आणि लोखंडाचे तापलेले कण उडतात. ते कोवळ्या क्लिअरमध्ये रुततात आणि ओल लागली की तिथेच गंजतात, म्हणून ते विटकरी ठिपके. खारं पाणी टवक्यातून रंगाखाली शिरतं आणि आतल्या आत पसरत जातं. बाकीचं काम ॲसिडने केलं.

दुसऱ्यांदा मी पावडर कोटिंग करून घेतलं. ते साधारण 180 ते 200 अंशांच्या भट्टीत पक्कं होतं आणि चाक थंड झालं की लगेच त्यावर संरक्षक थर देता येतो. स्प्रेच्या रंगाचं तसं नाही. त्यातलं थिनर उडून जायला वेळ लागतो. घाईने मेण किंवा सिरॅमिक कोटिंग लावलं तर थिनर आतच कोंडतं. रंगाऱ्याला विचारा; नाहीच कळलं तर महिनाभर थांबा. तोवर फक्त पाणी आणि सौम्य शाम्पू.

संरक्षक थर देण्याचं काम चाक गाडीला लावण्याआधी करायचं, कारण एकदा चढवलं की मागच्या बाजूला हात पोचत नाही आणि धूळ साठते ती तिथेच. पण टायर आणि बॅलन्सिंग आधी उरकून घ्या. वजनं चिकटवायचीच मागा, ठोकायची नकोत. सिरॅमिकच्या गुळगुळीत थरावर त्यांचा गोंद धरत नाही, म्हणून ती आधी चिकटवायची.

मी अंगणात जुनी चादर अंथरली. टायर चढवताना लागलेला साबण शाम्पूने धुतला, चाक पूर्ण कोरडं केलं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. मग एकेक स्पोक घेऊन सिरॅमिक लावायचं, बाटलीवर लिहिलेला वेळ पाळायचा आणि मऊ मायक्रोफायबरने पुसून घ्यायचं. मागची बाजूही तशीच. एका चाकाला पाऊण तास लागला. त्यानंतर निदान एक दिवस पाणी लागू दिलं नाही.

दोन जागा मात्र कोऱ्या ठेवा: नट बसतात त्या खळग्या आणि चाक हबला टेकतं तो भाग. तिथे रंगाचा जाड थर राहिला तर तो दाबाने बसतो आणि घट्ट आवळलेले नट सैल पडतात. पहिल्या वेळी माझ्या चाकांच्या खळग्यांत रंग होता, हे चाक काढल्यावर दिसलं. घाटात ती चाकं तशीच फिरली, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो. नट एअर गनवर सोडू नका. टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे आवळा आणि 50 ते 100 किलोमीटर झाले की पुन्हा तपासा.

धुताना चाक गार असू द्या, कापड आणि बादली वेगळी ठेवा. विटकरी ठिपके दिसू लागले तर ॲसिड नसलेलं आयर्न रिमूव्हर वापरा. ते लोखंडाला लागलं की जांभळे ओघळ येतात. सुकायच्या आत भरपूर पाण्याने धुऊन टाका. वॉशिंग सेंटरला गाडी दिलीत तर नळी सुरू व्हायच्या आत पोराला सांगा, “दादा, चाकांना फक्त शाम्पू.” आणि तिथेच उभे राहा.