गंधधारण आणि ऋतू : मद्यगंधी व्हॅनिला-पाच सुगंधाचा वऱ्हाडाच्या संदर्भात विचार

प्रास्ताविक

दिनचर्येतील अभ्यंग, व्यायाम, स्नान या विषयांवर आपण रुग्णांशी विस्ताराने बोलतो. गंधधारण हा मात्र उपेक्षित विषय राहिला आहे. रुग्ण कोणते तेल लावतो हे आपण विचारतो. कोणते अत्तर वा सेंट लावतो हे बहुधा विचारत नाही. अलीकडे अमरावती-अकोल्याच्या बाजारपेठेत गोड, उष्ण आणि जड सुगंधांची चलती दिसते. त्यांतील एक प्रकार विशेष लोकप्रिय आहे. व्हॅनिलाचा गोडवा, दालचिनी-लवंगेची तिखट झाक, पाचेचा मातकट तळ आणि या सर्वांवर रम किंवा ब्रँडीची आठवण देणारा मद्यगंध, असे त्याचे स्वरूप असते. थंड देशांतील हिवाळ्यासाठी कल्पिलेला हा सुगंध आपल्याकडे वैशाखातील लग्नसराईत, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, मानेवर आणि मनगटावर फवारला जातो. हे योग्य की अयोग्य, कोणाला योग्य, केव्हा योग्य, आणि त्यातून व्याधी उद्भवल्यास वैद्याने काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शास्त्राधार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात गंध आणि माल्य यांच्या सेवनाचे फल सांगितले आहे. ते वृष्य, आयुष्य, पुष्टिबलप्रद आणि सौमनस्यकर मानले आहे. म्हणजे सुगंधधारण ही आचार्यांच्या दृष्टीने चैन नव्हे. ते स्वस्थवृत्ताचे अंग आहे. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात अनुलेपन हे स्वेद, दौर्गंध्य, वैवर्ण्य आणि श्रम यांचा नाश करणारे म्हटले आहे. त्याचबरोबर ज्यांना स्नान निषिद्ध, त्यांना अनुलेपनही निषिद्ध, असा स्पष्ट दंडक घातला आहे. ज्वर, अतिसार, अजीर्ण अशा अवस्थांत सुगंध लावू नये, हा त्याचा व्यावहारिक अर्थ होय.

दुसरा आधार असात्म्येंद्रियार्थसंयोगाचा. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात अतितीक्ष्ण, उग्र आणि अभिष्यंदी गंधांचे अतिमात्र सेवन हा घ्राणेंद्रियाचा अतियोग सांगितला आहे. येथे गंध दुर्गंध असावा अशी अट नाही, हे लक्षात घ्यावे. दुर्गंधाचा समावेश मिथ्यायोगात वेगळा केला आहे. अतियोग सुगंधानेही होतो.

मराठी वाचकांना अभिमान वाटावा अशी एक नोंद येथे करणे उचित ठरेल. गंगाधर नामक ग्रंथकाराचा ‘गंधसार’ आणि अज्ञात कर्त्याचा ‘गंधवाद’ हे गंधशास्त्रावरील दुर्मीळ ग्रंथ असून गंधवादावर मराठी टीका उपलब्ध आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील प. कृ. गोडे यांनी या ग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुढे १९८९ साली बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये ते प्रसिद्ध झाले. गंधद्रव्यांच्या मिश्रणाची चर्चा आपल्या भाषेत शतकांपूर्वी होत होती, याचा हा पुरावा आहे.

द्रव्यविचार

प्रस्तुत सुगंधाचे घटक एकेक करून पाहू.

१) पाच : पोगोस्टेमॉन कॅबलिन ही व्यापारी जात असून तिच्या वाळलेल्या पानांपासून बाष्प-ऊर्ध्वपातनाने तेल काढतात. त्याचे उत्पादन प्रामुख्याने इंडोनेशियात होते. याच वंशातील पाच आपल्याकडे मरवा-दवण्यासोबत गजऱ्यात आणि पूजेत वापरली जाते. राजनिघंटूत ‘पाची’ या नावाने आलेले द्रव्य कटु, तिक्त, उष्ण, वातहर आणि त्वग्दोषात हितकर असे वर्णिले आहे. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शालींना कसर लागू नये म्हणून त्यांच्या घड्यांत ही पाने ठेवून माल युरोपात पाठवीत, आणि तो वास हीच अस्सल शालीची खूण ठरली होती. पाचेच्या तेलातील मुख्य घटक, पॅचुलॉल, अत्यंत सावकाश उडतो. म्हणून हे तेल इतर सुगंधांना धरून ठेवते.

२) व्हॅनिला : ही मूळची मेक्सिकोतील वेल. आपल्या संहितांत तिचा उल्लेख नाही. १८४१ साली रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस या गुलामगिरीतील मुलाने हाताने परागीकरण करण्याची सोपी रीत शोधल्यावर तिची लागवड जगभर पसरली. १८७४ साली टीमान आणि हारमान यांनी व्हॅनिलिन प्रयोगशाळेत तयार केले. आज सुगंधी द्रव्यांतील व्हॅनिला बहुतांशी कृत्रिम व्हॅनिलिनच असते. गंधावरून अनुमान करावयाचे तर हे द्रव्य मधुर, गुरू आणि स्निग्ध प्रतीतीचे आहे. कफप्रकृतीच्या माणसास ते लवकर उबग आणते.

३) त्वक् व लवंग : यांविषयी वैद्यांना नव्याने सांगावयास नको. दोन्ही तीक्ष्ण. दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड आणि लवंगेतील युजेनॉल हे घटक पुढील चर्चेसाठी ध्यानात ठेवावेत.

४) मद्यगंध : येथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. सुगंधाचे वाहन असलेला मद्यार्क स्वतः काही क्षणांत उडून जातो. मागे उरणारा ‘रमसारखा’ वास मद्यार्काचा नसून फलगंधी एस्टर आणि तत्सम द्रव्यांचा असतो. विशेष म्हणजे या कामी दवण्याचे तेल परदेशी गंधकार आवडीने वापरतात. चैत्रात जोतिबाला वाहिला जाणारा आपला दवणा तो हाच. फार्मसीधारकांना हा वास परका नाही. मुरलेल्या द्राक्षासवाची बरणी उघडल्यावर गूळ, धायटीची फुले आणि चातुर्जात यांचा जो एकत्रित गंध येतो, त्याच कुळातला हा सुगंध होय.

मद्याचे उष्ण, तीक्ष्ण, सूक्ष्म, व्यवायी, विकासी, रूक्ष इत्यादी दहा गुण चरकाचार्यांनी मदात्ययचिकित्सेत सांगितले आहेत. फवाऱ्याचा प्रथम स्पर्श शीत वाटतो; परंतु तो केवळ बाष्पीभवनाचा परिणाम आहे. नित्य वापराने त्वचेवर रौक्ष्यच येते. स्पर्शावरून गुणनिश्चिती करण्याची चूक येथे सहज होते.

ऋतुविचार

आचार्यांनी गंध ऋतूनुसार बदलावयास सांगितला आहे. हेमंत-शिशिरात अगुरू, तसेच कस्तुरीयुक्त केशराचा लेप, वसंतात चंदन व अगुरू, ग्रीष्मात चंदन, शरदात चंदन, उशीर आणि कर्पूर, असा हा क्रम आहे. जुने अत्तरवालेही हाच क्रम पाळतात. थंडीत हिना आणि शमामा, उन्हाळ्यात वाळा, गुलाब, केवडा, मोगरा. वऱ्हाडात कूलरला वाळ्याची ताटी लावणाऱ्या प्रत्येक घराला हे ज्ञान न शिकता ठाऊक आहे.

या कसोटीवर मद्यगंधी व्हॅनिला-पाच हा हेमंत-शिशिरातील सुगंध ठरतो. मार्गशीर्ष-पौषात, सायंकाळी, वात किंवा वातकफ प्रकृतीच्या निरोगी व्यक्तीने अल्प मात्रेत तो लावण्यास शास्त्रतः हरकत दिसत नाही. किंबहुना तो सौमनस्यकरच होईल. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत आणि पुन्हा शरदातील पित्तप्रकोपाच्या काळात तो टाळावा. उष्णतेने बाष्पीभवन वेगाने होते, गंध एकदम दाटतो, आणि घामासह तो त्वचेवर साचून राहतो. पित्तप्रकृतीच्या व्यक्तीत शिरःशूल, उत्क्लेश आणि दाह यांची तक्रार अशा वेळी प्राधान्याने अपेक्षित आहे.

व्याधिविचार

अर्धावभेदकाच्या अनेक रुग्णांत तीव्र गंध हे वेग येण्याचे कारण असते. श्वासाच्या निदानात रज आणि धूम यांची गणना आहेच. दम्याच्या रुग्णाच्या घरातील फवारे त्याच पंक्तीत बसवावेत. अशा वेळी सुगंध रुग्णाचाच असतो असे नाही; शेजारी बसणाऱ्याचाही असू शकतो.

परंतु सर्वांत महत्त्वाचा आणि चिकित्सेत घात करणारा विषय त्वचेचा आहे. मानेच्या बाजूला, कानामागे, मनगटावर किंवा काखेत कंडू, पिडका आणि नंतर कृष्णवर्णता घेऊन रुग्ण येतो. आपण विचर्चिकेचे निदान करतो. कंडू, पिडका, कोठ यांवर सुश्रुताचा एलादि गण प्रशस्त आहे, म्हणून एलादि तेल देतो. काही रुग्ण बरे होतात. काहींचा त्रास दुपटीने वाढतो. असे का व्हावे?

आधुनिक त्वचारोगशास्त्रात सुगंधाच्या अनूर्जतेसाठी जी प्रमाणित मिश्र चाचणी वापरतात, तिच्या आठ घटकांत सिनॅमाल्डिहाइड, युजेनॉल, आयसोयुजेनॉल आणि जिरॅनिऑल यांचा समावेश आहे. एलादि गणात त्वक् आहे, पत्र आहे, आणि ध्यामकही आहे. ध्यामक म्हणजे कत्तृण. अनेक अभ्यासक त्याचे ऐक्य रोहिष गवताशी, म्हणजे आपल्या मेळघाटात व सातपुड्याच्या पट्ट्यात उगवणाऱ्या रोशाशी किंवा तिखाडीशी मानतात. एकेकाळी या पट्ट्यातील भट्ट्यांत निघणारे रोशाचे तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानापर्यंत जाई आणि गुलाबतेलात भेसळीसाठी वापरले जाई. कारण त्यात जिरॅनिऑलचे प्रमाण मोठे आहे. याचा अर्थ असा की, ज्या रुग्णाची त्वचा परदेशी सेंटमधील दालचिनीच्या घटकाने संवेदनशील झाली आहे, त्याला आपण औषध म्हणून तेच घटक पुन्हा लावीत असतो. दोष गणाचा नाही. दोष निदानपरिवर्जनाकडे झालेल्या दुर्लक्षाचा आहे. ‘नैसर्गिक आहे म्हणून निरपाय आहे’ हे विधान वैद्याने तरी करू नये.

पेरू बाल्समला संवेदनशील असलेल्या काही रुग्णांत व्हॅनिला, दालचिनी आणि लवंग पोटात घेतल्यानेही त्वचाविकार चाळवतो. अशा रुग्णास खोकल्यासाठी सितोपलादि देताना त्यात एक भाग त्वक् आहे हे स्मरावे.

या अवस्थेत पुढील क्रम हितावह वाटतो.

१) सर्व सुगंधी द्रव्ये, म्हणजे सेंट, अत्तर, सुगंधी साबण, सुवासिक केशतेल आणि अगरबत्तीचा निकट संपर्क, पूर्णपणे थांबवावीत. त्वचा निवळण्यास काही आठवडे लागू शकतात, हे रुग्णास आधीच सांगावे.
२) स्राव असल्यास पंचवल्कल क्वाथाचा परिषेक, आणि स्राव ओसरल्यावर सुगंध न मिसळलेले शतधौत घृत किंवा शुद्ध खोबरेल वापरावे.
३) आभ्यंतर चिकित्सा दोषानुसार, पित्ताधिक्यात मृदू विरेचनाचा विचार करावा.
४) विकार वारंवार उलटत असल्यास त्वचारोगतज्ज्ञाकडे पॅच चाचणीसाठी पाठविण्यात कमीपणा मानू नये.
५) बरे झाल्यावर नवीन सुगंध लावावयाचाच असेल तर कोपराच्या आतील बाजूस एकाच जागी दिवसातून दोनदा, किमान सात दिवस लावून पाहावा. कंडू किंवा लाली आल्यास तो कायमचा वर्ज्य करावा.

वैद्याचे घ्राणेंद्रिय

हा मुद्दा आपल्या स्वतःविषयीचा आहे. विमानस्थानाच्या चौथ्या अध्यायात रुग्णाच्या शरीराचा प्राकृत व वैकृत गंध घ्राणाने परीक्षावा, असे सांगितले आहे. इंद्रियस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात तर अकारण पुष्पांसारखा किंवा चंदन, कुष्ठ, तगर, अगुरू यांसारखा गंध येणाऱ्या रुग्णाला ‘पुष्पित’ म्हणून अरिष्टलक्षण वर्णिले आहे. ‘अकारण’ हे ठरविण्यासाठी बाह्य सुगंध नाही याची खात्री हवी. व्यवहारातही मधुमेहातील श्वासाचा फलगंध, यकृद्विकारातील विशिष्ट वास किंवा दुष्ट व्रणाचा गंध हे ज्या वैद्याने स्वतः पाच-व्हॅनिला फवारली आहे त्याच्या लक्षात येणे कठीण. मधुमेही रुग्णाच्या श्वासातील गोड गंध त्याच्याच सेंटखाली झाकला गेला, तर तातडीने रुग्णालयात धाडण्याची वेळ निघून जाऊ शकते. म्हणून चिकित्सालयात वैद्याने निर्गंध असावे. तपासणीस येणाऱ्या रुग्णासही तशी सूचना द्यावी.

फार्मसीधारकांसाठी

कच्च्या द्रव्यांची पारख करणाऱ्या कर्मचाऱ्याने कामाच्या दिवशी सुगंध लावू नये. तगर, जटामांसी, कुष्ठ, उशीर यांची पहिली परीक्षा नाकानेच होते, आणि आसवाचे अम्लत्व बिघडू लागल्याची पहिली वर्दीही नाकच देते. पाचेचा वास कपड्यांत दिवसेंदिवस टिकतो, हे येथे विशेष ध्यानात घ्यावे.

मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांवरील १९५५ चा उत्पादनशुल्क कायदा १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत विलीन झाला असला, तरी मद्यार्काच्या साठ्यावरील राज्याचे नियंत्रण संपलेले नाही. आसवारिष्टांचा परवाना आहे म्हणून स्पिरिट घालून सेंट तयार करता येईल, असा समज कोणी करून घेऊ नये. सुगंधी प्रसाधनांसाठी सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० लागू आहेत. युरोपीय संघाने २००५ पासून २६ सुगंधी अनूर्जताकारक घटकांची नावे वेष्टनावर छापणे आवश्यक केले आणि २०२३ मध्ये ही यादी ८० च्या पुढे नेली. आपण तयार करीत असलेल्या उटण्यावर आणि केशतेलावर सुगंधी घटकांची नावे स्वेच्छेने छापली, तर निदानपरिवर्जनास फार मोठे साहाय्य होईल. शक्य तेथे एलादि, कुंकुमादी यांसारख्या सुगंधी कल्पांच्या जोडीने एक निर्गंध पर्याय अवश्य ठेवावा.

निष्कर्ष

मद्यगंधी व्हॅनिला-पाच सुगंध सरसकट निषिद्ध नाही. त्याचे बरेच घटक तर आपल्याच परसातले आणि पेटाऱ्यातले आहेत. तो हेमंताचा आहे, ग्रीष्माचा नाही. संध्याकाळचा आहे, चिकित्सालयाचा नाही. निरोगी त्वचेचा आहे, कंडू असलेल्या त्वचेचा नाही. देश, काल, प्रकृती आणि मात्रा पाहूनच आपण औषध देतो. तीच दृष्टी सुगंधालाही लावावी. यापुढे त्वचारोगाच्या आणि शिरःशूलाच्या प्रत्येक रुग्णपत्रिकेत ‘गंधधारण’ असा एक रकाना वाढवावा, एवढीच सर्व वैद्यबंधुभगिनींना विनंती.