प्रत्यारोपण झालंय, काढा चालेल का?

प्रश्न : वडील ६३ वर्षांचे. तीन वर्षांपूर्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण झालं. कोरोनाच्या धास्तीने आत्या रोज गुळवेलीचा काढा पाठवते. द्यावा का? प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या काही दिवस थांबवल्या तर?

उत्तर : गोळ्यांना हात लावू नका. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट यांचं काम प्रतिकारशक्तीला मुद्दाम आवरून धरण्याचं आहे, कारण तिच्या लेखी नवं मूत्रपिंड परकंच. मनानेच गोळ्या बंद केल्या तर शरीर ते नाकारू शकतं. म्हणूनच ‘प्रतिकारशक्ती वाढवणारा’ काढा इथे उलटा पडू शकतो. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनीही केल्या आहेत. आत्यांची माया मोठी आहे, पण काढा नको. त्यांना फुलका करून आणायला सांगा. पपनसही टाळा, रक्तातलं टॅक्रोलिमस त्याने वाढू शकतं.

लस जरूर घ्यावी. कोविशिल्ड, कोव्हॅक्सिन दोन्हींत शरीरात वाढू शकेल असा जिवंत विषाणू नाही. मात्र अशा रुग्णांत प्रतिपिंडं कमी तयार होतात. त्यामुळे डोस पूर्ण झाले तरी मास्क सुटत नाही आणि घरातल्या बाकीच्यांचं लसीकरण तेवढंच गरजेचं ठरतं. मास्क एन-९५, बिनझडपेचा, नाकावर घट्ट. हनुवटीवरचा मास्क दाढीचंच रक्षण करतो!

ताप आला तर वाट पाहू नका. या गोळ्यांमुळे ताप दबून राहतो, ३७.८ अंश सेल्सिअसलाही नेफ्रॉलॉजिस्टना फोन करा. तापावर मनाने आयब्युप्रोफेन देऊ नका, ते मूत्रपिंडाला जड जातं. दुकानातून स्वतःहून अँटिबायोटिकही आणू नका, क्लॅरिथ्रोमायसिनने टॅक्रोलिमसची पातळी भलतीच चढते.