दोन लठ्ठ उंदरांचे कोडे

मधल्या सुट्टीची घंटा होण्याआधीच तुमचे लक्ष डब्याकडे जाते. जेवण झाले की आवडीचा पदार्थही नकोसा वाटतो. मग भूक केवळ पोट रिकामे की भरलेले, यावरच ठरते काय? तसे असते, तर मोठ्या माणसांचे वजन वर्षानुवर्षे जवळजवळ सारखे राहिले नसते. आपण रोज काही मोजून खात नाही. तेव्हा शरीरात किती चरबी साठली, याचा हिशेब कोणीतरी ठेवत असले पाहिजे. या हिशेबनिसाचा माग दोन लठ्ठ उंदरांमुळे लागला.

अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तेथे उंदरांच्या आनुवंशिकतेचा अभ्यास चालतो. १९४९ मध्ये तेथे काही विलक्षण लठ्ठ उंदीर आढळले. ते सारखे खात आणि साध्या उंदराच्या जवळजवळ तिप्पट वजनाचे होत. त्यांना आपण ‘ओबी’ म्हणू. १९६६ मध्ये दुसऱ्या प्रकारचे लठ्ठ उंदीर सापडले. त्यांना तीव्र मधुमेहही होता. ते ‘डीबी’. दोघांत एकेक जनुक बिघडलेले होते, पण वेगवेगळे.

डग्लस कोलमन या शास्त्रज्ञाने शस्त्रक्रियेने दोन उंदीर कुशीला कूस लावून जोडले. अशा जोडीत एकाचे रक्त थोडे थोडे दुसऱ्याच्या अंगात जाते. रक्तातून भुकेविषयी काही निरोप जात असेल, तर तोही जाणारच.

पहिल्या प्रयोगात साधा उंदीर डीबीला जोडला. साध्या उंदराने खाणे सोडले आणि तो उपासमारीने मेला. डीबी मात्र पूर्वीसारखाच खात राहिला. दुसऱ्या प्रयोगात साधा उंदीर ओबीला जोडला. या वेळी ओबीचे खाणे कमी झाले.

आता सांगा, ओबी आणि डीबी एकमेकांना जोडले तर काय होईल? पुढे वाचण्यापूर्वी वहीत उत्तर लिहा.

ओबीने खाणे सोडले आणि तो मेला. डीबी खातच राहिला. याचा अर्थ कसा लावायचा? डीबीच्या रक्तात ‘पुरे झाले’ हा निरोप भरपूर असतो, पण तो त्याला वाचता येत नाही. ओबीला निरोप वाचता येतो, पण तयार करता येत नाही. एकाकडे पत्र नाही आणि दुसऱ्याला अक्षरओळख नाही!

हा निरोप्या प्रत्यक्ष सापडायला पुढे वीस वर्षे लागली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ओबी जनुक शोधून काढले. या जनुकाच्या आज्ञेने चरबीच्या पेशी एक प्रथिन तयार करून रक्तात सोडतात. एका ठिकाणी तयार होऊन रक्तावाटे दुसरीकडे काम करणाऱ्या अशा द्रव्याला संप्रेरक म्हणतात. या संप्रेरकाचे नाव लेप्टिन. ग्रीक भाषेत ‘लेप्टोस’ म्हणजे बारीक. चरबी वाढली की रक्तातील लेप्टिन वाढते. मेंदूच्या तळाशी असलेला अधोथॅलॅमस हा भाग ते ओळखतो आणि भूक आवरतो.

मग लेप्टिन टोचले की सगळे लठ्ठ लोक बारीक होतील, नाही का? तशी आशा होती. १९९७ मध्ये इंग्लंडमधील दोन लठ्ठ मुलांत लेप्टिनचा अभाव आढळला. त्यांच्यापैकी एका मुलीला लेप्टिन दिल्यावर तिची भूक आवरली आणि वजन उतरले. पण अशी उदाहरणे फार विरळा. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नव्हे, तर जास्तच असते. मेंदू त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. कोणी खाणे कमी करून वजन उतरवले की चरबी घटते आणि लेप्टिनही घटते. मेंदू समजतो की दुष्काळ पडला. तो भूक वाढवतो आणि ऊर्जेचा खर्च आखडतो. शिवाय जठरातून येणारे भूक वाढवणारे संप्रेरक, घ्रेलिन, हेही वाढते. ते १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधले. वजन उतरवलेल्या माणसांत हे बदल वर्षभरानंतरही टिकून असल्याचे ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात २०११ मध्ये दिसले. म्हणूनच उतरलेले वजन पुन्हा चढू पाहते.

याचा अर्थ आहार आणि व्यायाम व्यर्थ आहेत, असा मुळीच नाही. पण एकदम उपाशी राहणे हा मार्ग नव्हे, विशेषतः वाढीच्या वयात. वजनाची काळजी वाटत असेल, तर डॉक्टरांना विचारावे. आणि वर्गातील एखाद्या जाड मुलाला ‘खादाड’ म्हणून चिडवण्याआधी ओबी उंदीर आठवावा. तो हावरट नव्हता. त्याला ‘पुरे’ हा निरोप कधी मिळालाच नव्हता.

जाता जाता एक प्रश्न. ओबी उंदराला लेप्टिन टोचले तर काय होईल? आणि डीबीला टोचले तर? कारणासह उत्तर लिहा आणि वर्गात त्यावर चर्चा करा.