बिनतारी यंत्रापाशी

केनिया देशाच्या वायव्य कोपऱ्यात लोकिचोग्गिओ नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथून सुदानची त्या काळची सरहद्द अगदी जवळ होती. दक्षिण सुदानात १९८३ साली यादवी युद्ध पेटले. त्यातच दुष्काळ पडला आणि लाखो माणसे अन्नाला मोताद झाली. तेव्हा संयुक्त राष्ट्रसंघाने सुदानचे सरकार व बंडखोर या दोघांचीही संमती मिळविली आणि १९८९ साली 'ऑपरेशन लाइफलाइन सुदान' हे मदतकार्य सुरू केले. लोकिचोग्गिओ हा त्याचा एक प्रमुख तळ झाला.

तळावरून विमाने धान्य व औषधे घेऊन निघत. विमाने सर्वांना दिसत. परंतु कोणत्या विमानाने कोठे जावे, हे ज्याच्या शब्दावर ठरे, तो मनुष्य एका खोलीत कानांवर श्रवणयंत्र चढवून बसलेला असे. तो बिनतारी यंत्राचा चालक.

दूरदूरच्या खेड्यांत मदत-संस्थांची ठाणी होती. तेथे धड रस्ते नव्हते, तारा नव्हत्या, टेलिफोन नव्हता. एखाद्या झोपडीत मोटारीची बॅटरी, ती भारण्यासाठी उन्हात ठेवलेला सौर तक्ता, दोन झाडांमध्ये ताणलेली तार आणि एक बिनतारी यंत्र, एवढाच काय तो जगाशी संबंध! या यंत्रातून निघणाऱ्या लघुलहरी आकाशात उंच जातात, तेथील विद्युत्भारित थरांवरून परततात आणि शेकडो किलोमीटर दूर उतरतात. मात्र हे थर दिवसा एक व रात्री दुसरेच रूप धारण करतात. म्हणून चालकाला दिवसा जास्त कंपनसंख्येची लहर निवडावी लागते, तर रात्री कमी कंपनसंख्येची. एवढे करूनही खरखर असतेच.

अशा यंत्रावर एका वेळी एकानेच बोलावयाचे असते. बोलणे संपले, की 'ओव्हर' म्हणावयाचे, बटण सोडावयाचे आणि ऐकावयाचे. दोघे एकदम बोलू लागले, तर आठवड्याच्या बाजारातला गलका बरा म्हणावा लागेल! इंग्रजीतील 'बी', 'डी', 'पी' ही अक्षरे खरखरीत सारखीच ऐकू येतात. म्हणून 'ब्राव्हो', 'डेल्टा', 'पापा' असे शब्द उच्चारतात. आकडे तर एकेक सुटा सांगतात, आणि ऐकणारा ते पुन्हा म्हणून दाखवितो. नवख्याला हे सारे कंटाळवाणे वाटते.

पण धान्य कसे टाकले जाई, ते पाहा. दक्षिण सुदानात पुष्कळ ठिकाणी आपल्या देशावरच्यासारखी काळी, चिकट माती आहे. पावसात धावपट्टीचा चिखल होई आणि विमान उतरू शकत नसे. मग ते खाली येऊन धान्याची पोती वरूनच सोडी, तीही छत्रीवाचून. पोती फुटू नयेत म्हणून एकात एक घातलेली असत. पण असे जड पोते खाली उभ्या असलेल्या माणसावर पडले तर? भुकेली माणसे विमानाचा आवाज ऐकताच मैदानाकडे धाव घेत. म्हणून ठाण्यावरील मनुष्य सर्वांना दूर उभे करी आणि मगच 'मैदान मोकळे आहे' असा निरोप देई. त्या निरोपातील एकही शब्द अंदाजाने ऐकून चालत नसे.

आणखी एक बंधन होते. हे बोलणे कोणालाही ऐकता येई. दोन्ही सैन्येही कान देऊन असत. म्हणून जे सांगावयाचे ते सरळ आणि उघड सांगावे. सांकेतिक भाषेचा एखादा शब्द जरी तोंडून गेला, तरी हे हेर आहेत असा संशय येऊन मदतीची वाटच बंद होण्याची भीती असे. युद्धाविषयीचे आपले मत तर चालकाने मनातच ठेवावे.

ठरलेल्या वेळी एकेका ठाण्याचे नाव पुकारले जाई. कधी एखादे ठाणे उत्तर देत नसे. बॅटरी उतरली असेल, की तेथील माणसे गोळीबारामुळे रानात पळाली असतील? चालक थांबे, पुन्हा हाक मारी. शेजारच्या ठाण्याला 'तुम्हांला त्यांचा आवाज येतो का?' असे विचारी. तरीही शांतता राहिली, तर ही वार्ता तत्काळ अधिकाऱ्यांना कळवी. कारण गरज पडल्यास सहकाऱ्यांना सोडवून आणण्यासाठी विमान धाडावे लागे. बहुधा काही वेळाने खरखरीतून क्षीण आवाज येई. मग चालक वहीत त्या ठाण्यापुढे वेळ लिही आणि पुढचे नाव पुकारी.